गेमिंग संगणकाची खरेदी : डब्यावरचे नाव नको, आतला माल पारखा

नांदेड असो की लातूर, संगणकाची खरेदी आता थोड्या घरांची बाब राहिलेली नाही. मुलगा लातूरला बारावीच्या शिकवणीला असतो किंवा नांदेडला अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतो. तो घरी सांगतो की संगणक लागतो, आणि तो साधा नको, गेमिंगचा हवा. वडिलांचा धंदा कापडाचा, किराण्याचा, फळांचा किंवा टायरचा. त्यांनी आयुष्यभर माल पारखून घेतलेला असतो. शंभर रुपयांच्या वस्तूवरही चार वेळा हात फिरवल्याशिवाय ते पैसे मोजत नाहीत. पण संगणकाच्या दुकानात गेल्यावर तेच गृहस्थ गप्प बसतात. मुलगा आणि दुकानदार आपसात इंग्रजी अक्षरे व आकडे बोलतात आणि शेवटी वडील खिशात हात घालतात. पन्नास हजारांपासून लाखापर्यंतची रक्कम, जी कित्येक घरांत मुलीच्या लग्नासाठी किंवा दुकानाच्या भांडवलासाठी जमवलेली असते, ती अशी डोळे मिटून जाते.

आमचे म्हणणे एवढेच की संगणकाचे सुटे भाग हाही एक माल आहे. त्यातही फ्रेश माल असतो, सेकंड असतो आणि नुसते लेबल बदललेला मालही असतो. वजिराबादेत किंवा गंजगोलाईत कापड घेताना आपण जसे पोत, पन्ना आणि रंग पाहतो, तसे येथेही काय पाहायचे ते ठरलेले आहे. कापडाच्या धंद्यात आमचे आयुष्य गेले, म्हणून उदाहरणे कापडाची येतील; वाचकांनी ती समजून घ्यावीत.

तीन भाग आणि त्यांची कामे

गेमिंग संगणकाचा भाव मुख्यतः तीन वस्तूंवर ठरतो. पहिली प्रोसेसर. हा पेढीवरचा मुनीम आहे. सगळा हिशेब तोच करतो आणि पुढचे काम कोणी करायचे हेही तोच सांगतो. दुसरी ग्राफिक्स कार्ड. पडद्यावर जे दिसते ते चित्र हे कार्ड काढते. खेळ चालू असताना दर सेकंदाला साठ किंवा त्याहून जास्त चित्रे काढावी लागतात. साठ चित्रे म्हणजे एका चित्राला एका सेकंदाचा साठावा भाग, सुमारे १६.७ मिलिसेकंद. तिसरी मदरबोर्ड. ही एक पाटी आहे, तिच्यावर बाकीचे मुख्य भाग बसतात आणि तिच्यातून त्यांना वीजही मिळते.

या तिघांचा मेळ बसला पाहिजे. मुनीम हुशार आणि रंगारी मंद असेल तर माल वेळेवर तयार होत नाही. रंगारी जलद आणि मुनीम मंद असेल तर रंगारी बसून राहतो. एक उदाहरण अलीकडचे आहे. इंटेल कंपनीने डिसेंबर २०२४ मध्ये आर्क बी५८० नावाचे कार्ड बाजारात आणले. त्यात १२ जीबी मेमरी होती आणि भाव मध्यम होता, म्हणून त्याची खूप तारीफ झाली. पण जानेवारी २०२५ मध्ये परीक्षकांनी तेच कार्ड जुन्या व हलक्या प्रोसेसरबरोबर चालवले, तेव्हा कित्येक खेळांत त्याचा वेग बराच खाली आला. कार्डात एब नव्हता, जोडी चुकली होती. म्हणून एकट्या कार्डाची तारीफ ऐकून पैसे देऊ नयेत. आपल्या संगणकात कोणता प्रोसेसर आहे, हा प्रश्न आधी विचारावा.

एकाच नावाचा दोन प्रतींचा माल

कापडात एकाच छापाचा माल दोन काउंटमध्ये येतो. वरून दोन्ही सारखे दिसतात, पण धुतल्यावर फरक कळतो. ग्राफिक्स कार्डात हा प्रकार फार आहे, आणि नवखा गिऱ्हाईक सर्वात जास्त येथेच फसतो.

एनव्हिडिया कंपनीचे आरटीएक्स ३०५० हे कार्ड घ्या. जानेवारी २०२२ मध्ये ते ८ जीबी मेमरीचे निघाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच नावाने ६ जीबीचे निघाले. गिऱ्हाईक समजतो की दोन जीबी कमी, बाकी माल तोच. प्रत्यक्षात पहिल्यात हिशेब करणारे २५६० घटक आहेत, दुसऱ्यात २३०४. पहिल्याचा मेमरीचा मार्ग १२८ बिटांचा आहे, दुसऱ्याचा ९६ बिटांचा. म्हणजे पन्नाही लहान आणि सूतही कमी. या ६ जीबीच्या कार्डाचा एक गुण मात्र सांगितला पाहिजे. त्याला वेगळी वीजजोडणी लागत नाही, त्यामुळे ते जुन्या साध्या संगणकातही बसते. ज्याला तेच हवे आहे त्याने जरूर घ्यावे. पण ८ जीबीच्या कार्डाची तारीफ वाचून ६ जीबीचे घरी आणू नये.

त्याहून वाईट उदाहरण जीटी १०३० चे आहे. २०१८ मध्ये त्याच नावाने हलक्या प्रतीच्या मेमरीचे कार्ड निघाले. मूळ कार्डात मेमरीतून सेकंदाला ४८ जीबी माहिती ये-जा करत होती, नव्यात १७ जीबीसुद्धा नाही. नाव एक, वेग एक तृतीयांश. एएमडी कंपनीच्या आरएक्स ५८० चेही तसेच आहे. मूळ कार्डात २३०४ घटक, आणि '२०४८ एसपी' लिहिलेल्या कार्डात नावाप्रमाणे २०४८. स्वस्तात मिळणाऱ्या आरएक्स ५८० मध्ये हे दुसरे बरेच असतात, आणि डब्यावर '२०४८ एसपी' ही अक्षरे बारीक असतात किंवा नसतातच.

मोठ्या कंपन्यांनाही गिऱ्हाइकांनी जाब विचारलेला आहे. जीटीएक्स ९७० हे कार्ड सप्टेंबर २०१४ मध्ये ४ जीबीचे म्हणून विकले गेले. त्यातील शेवटचा अर्धा जीबी फार संथ चालतो हे जानेवारी २०१५ मध्ये उघड झाले. अमेरिकेत दावा झाला आणि २०१६ मध्ये कंपनीने प्रत्येक कार्डामागे ३० डॉलर देण्याची तडजोड केली. सप्टेंबर २०२२ मध्ये आरटीएक्स ४०८० या एकाच नावाने १६ जीबीचे आणि १२ जीबीचे अशी दोन वेगळ्या ताकदीची कार्डे जाहीर झाली होती. परीक्षकांनी आणि गिऱ्हाइकांनी आरडाओरडा केला, तेव्हा १२ जीबीचे कार्ड मागे घेण्यात आले आणि जानेवारी २०२३ मध्ये ते आरटीएक्स ४०७० टीआय या नावाने विकायला आले. गिऱ्हाईक जागा असेल तर व्यापारी सरळ वागतो, हा बाजाराचा जुना नियम आहे.

दुकानात चार गोष्टी विचाराव्यात आणि बिलावर लिहून घ्याव्यात : कार्डाचे पूर्ण नाव, मेमरी किती जीबी, मेमरीचा प्रकार कोणता आणि मार्ग किती बिटांचा. दुकानदार चिडला तर दुसरे दुकान पाहावे.

प्रोसेसर : 'आय सेव्हन' म्हणजे चांगलाच, असे नाही

आपल्याकडे अजून समज आहे की आय ३ हलका, आय ५ मध्यम आणि आय ७ उत्तम. हे एकाच पिढीपुरते खरे आहे. पिढी बदलली की हिशेब बदलतो. कोअर आय ७-२६०० हा प्रोसेसर जानेवारी २०११ मधला आहे. कोअर आय ३-१२१०० हा २०२२ मधला. दोघांतही चार कोअर आहेत, पण नवा आय ३ जुन्या आय ७ ला खूप मागे टाकतो. तरीही 'आय ७ गेमिंग पीसी' अशी पाटी लावून हाच पंधरा वर्षांपूर्वीचा प्रोसेसर रंगीत दिव्यांच्या पेटीत घालून विकला जातो. नावापुढचे आकडे वाचावेत. चार आकडे असतील तर पहिला आकडा आणि पाच असतील तर पहिले दोन आकडे पिढी सांगतात. २६०० म्हणजे दुसरी पिढी, १२१०० म्हणजे बारावी.

पिढीचा आणखी एक परिणाम आहे. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ साठी इंटेलची आठवी किंवा पुढची पिढी लागते. जुना प्रोसेसर घेतला तर काही खेळ सुरूच होत नाहीत आणि सुरक्षेचा प्रश्न राहतो तो वेगळाच.

शेवटचे अक्षरही पाहावे. इंटेलच्या नावाशेवटी 'एफ' असेल, जसे कोअर आय ५-१२४००एफ, तर त्या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवण्याची सोय नाही. वेगळे ग्राफिक्स कार्ड लावल्याशिवाय पडद्यावर काहीही येणार नाही. 'कार्ड नंतर घेऊ, आधी संगणक घेऊ' असे ज्यांचे बजेट आहे त्यांनी 'एफ' टाळावा. एएमडीमध्ये उलट आहे. रायझन ५ ५६००जी यातील 'जी' म्हणजे चित्राची सोय आतच आहे. त्याच्यावर हलके खेळ बरे चालतात आणि अभ्यासाला तो पुरून उरतो. अशा प्रोसेसरला मेमरीची एक १६ जीबीची पट्टी लावण्याऐवजी ८ जीबीच्या दोन पट्ट्या लावाव्यात. दोन मार्गांनी माल आला तर खेळाचा वेग चांगला वाढतो, हे तपासून पाहता येते.

इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतील मोठ्या प्रोसेसरमध्ये जास्त दाबाच्या विजेमुळे बिघाड होत असल्याचे २०२४ मध्ये कंपनीने मान्य केले, ऑगस्ट २०२४ मध्ये दुरुस्तीचा प्रोग्राम दिला आणि अशा प्रोसेसरची हमी दोन वर्षांनी वाढवली. हे प्रोसेसर वापरलेले मिळत असतील तर मदरबोर्डमध्ये ती दुरुस्ती घातली आहे काय, हे विचारल्याशिवाय सौदा करू नये.

मदरबोर्ड : न दिसणारा पाया

मदरबोर्डवर कोणी चर्चा करत नाही, म्हणून दुकानदार काटकसर येथेच करतो. प्रत्येक प्रोसेसरची बैठक ठरलेली असते आणि दुसऱ्या बैठकीवर तो बसत नाही. एएमडीची एएम४ नावाची बैठक २०१७ च्या पहिल्या रायझनपासून चालली. २०१७ मधल्या काही बोर्डांवर २०२२ मधला प्रोसेसरही बसवता आला. ज्याने चांगला बोर्ड घेतला होता त्याचे पाच वर्षांनी पैसे वाचले. २०२२ मध्ये तिच्या जागी एएम५ आली. इंटेलची एलजीए १७०० ही बैठक २०२१ मध्ये आली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये दुसरी आली. म्हणून आज घेतलेल्या बोर्डावर तीन वर्षांनी काय बसेल, हे आधी विचारावे.

दुसरी गोष्ट कार्डाच्या खाचेची. आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड बोर्डाशी फक्त चार वाटांनी बोलते. नव्या बोर्डावर ते ठीक चालते. जुन्या, तिसऱ्या पिढीच्या खाचेत घातले की कित्येक खेळांत त्याचा वेग चांगलाच घटतो. जुन्या संगणकात नवे कार्ड घालणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. तिसरी गोष्ट वीज देणाऱ्या भागाची. एच ६१० जातीच्या स्वस्त बोर्डांवर त्या भागाला बहुधा धातूचे झाकण नसते आणि मेमरीच्या जागा दोनच असतात. लहान प्रोसेसरला हे चालते. त्यावर मोठा प्रोसेसर बसवला तर तो तापून स्वतःच वेग कमी करतो. गिऱ्हाइकाने पैसे मोठ्या प्रोसेसरचे दिलेले असतात आणि काम लहानाचे मिळते.

मेमरीची पट्टीही बोर्डाला जुळावी लागते. डीडीआर४ ची पट्टी डीडीआर५ च्या जागेत बसत नाही. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कारखान्यांनी जगभरची मेमरी उचलली आणि पट्ट्यांचे भाव झपाट्याने चढले. अशा वेळी बोर्ड निवडताना मेमरीचा खर्चही त्याच कागदावर मांडला पाहिजे.

परीक्षणे कशी वाचावीत, कशी पाहावीत

तरुण मंडळी खरेदीआधी परीक्षणे पाहतात, हे चांगले आहे. मात्र परीक्षण वाचण्याचीही रीत आहे.

पहिले म्हणजे सरासरी आकड्यावर थांबू नये. सरासरी ९० चित्रे असली तरी मध्येच वेग २५ वर येत असेल तर खेळ अडखळतो. म्हणून चांगले परीक्षक सर्वात संथ एक टक्का चित्रांचा वेगही देतात. ताक्याच्या वरच्या घडीवर भाव करू नये, मधली घडीही उघडून पाहावी, तसेच हे.

दुसरे, पडदा कोणता होता ते पाहावे. साध्या पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. फोर-के पडद्यावर त्याच्या चौपट, सुमारे ८२.९ लाख. एका पडद्यावरचा आकडा दुसऱ्याला लागू होत नाही. शिवाय आपला पडदा ६० हर्ट्झचा असेल तर तो सेकंदाला ६० वेळाच बदलतो. दीडशे चित्रे देणारे महाग कार्ड घेऊन ते अशा पडद्याला जोडले तर बाकीच्या पैशाचे काम दिसतच नाही. हा इस्राफ आहे, आणि इस्राफ आपल्या दीनमध्ये नापसंत आहे.

तिसरे, खळ ओळखावी. कापडाला खळ दिली की ते हाताला जाड लागते, पहिल्या धुण्यात खरे रूप कळते. कार्डांत आता खऱ्या दोन चित्रांच्या मध्ये अंदाजाने तयार केलेली चित्रे घालण्याची युक्ती आली आहे. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाने सांगितले की ५४९ डॉलरचे आरटीएक्स ५०७० हे जुन्या व कितीतरी महाग आरटीएक्स ४०९० इतके काम देईल. मार्चमध्ये परीक्षकांनी ती युक्ती बंद करून पाहिले तेव्हा ते कार्ड आरटीएक्स ४०७० सुपरच्या आसपास निघाले. या युक्तीने खेळ गुळगुळीत दिसतो हे खरे, पण बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल होईपर्यंतचा वेळ त्याने कमी होत नाही. म्हणून युक्तीशिवायचा आकडा मागावा.

चौथे, परीक्षकाला माल फुकट मिळाला आहे काय ते पाहावे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये नियम सांगितले आहेत की पैसे किंवा वस्तू घेऊन शिफारस करणाऱ्याने ते उघड सांगितले पाहिजे. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये इंटरनेटवरील अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानकही काढले, पण ते ऐच्छिक आहे. दोन-तीन ठिकाणचे आकडे ताडून पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

मराठवाड्याचा उन्हाळा आणि आपली वीज

हा मुद्दा परीक्षणांत फारसा मिळत नाही, आणि आपल्यासाठी तोच मोठा आहे. परीक्षणे बहुधा २०-२२ अंशांच्या थंड खोलीत होतात. मे महिन्यात नांदेड-लातूरला पारा ४२-४३ अंशांवर जातो. पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्याच्या खोलीत सायंकाळीही ३८ अंश असतात. बाहेरची हवा जितके अंश जास्त, जवळपास तितकेच अंश कार्डाचे तापमान वाढते. परीक्षणात ६८ अंश लिहिलेले कार्ड आपल्या खोलीत ८४ च्या आसपास जाईल. एनव्हिडियाची पुष्कळ कार्डे ८३ अंशांच्या सुमारास आपला वेग आवरू लागतात. म्हणून आपल्याकडे दोन पंख्यांचे, जड आणि मोठ्या जाळीचे कार्ड घ्यावे. पेटी पुढून हवा घेणारी असावी. समोर पूर्ण काच आणि आत रंगीत दिवे असलेली पेटी दिसायला सुंदर असते, पण उन्हाळ्यात ती भट्टी होते. आपल्याकडे धूळही फार, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी जाळ्या साफ कराव्यात.

विजेचा हिशेबही सोपा आहे. ४०० वॅट खाणारा संगणक रोज चार तास चालला तर दिवसाला १.६ युनिट, महिन्याला ४८ युनिट होतात. कार्डाला खाचेतून ७५ वॅटपर्यंत वीज मिळते. सहा पिनांच्या तारेतून आणखी ७५ आणि आठ पिनांच्या तारेतून १५०. वीज देणारी पेटी, जिला आपण एसएमपीएस म्हणतो, ती नामांकित कंपनीची घ्यावी. साध्या एसएमपीएसवर ४५० वॅट लिहिलेले असते आणि भार आला की ती बसते; कधी कधी बोर्डाला घेऊन बसते. दुकानांत मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. खेळ चालू असताना वीज गेली तर तो मोठे कार्ड सांभाळू शकत नाही, आणि आपल्याकडे वीज सांगून जात नाही. कार्डाच्या मापाचाच यूपीएस घ्यावा.

वापरलेला माल आणि व्यापाऱ्याचा धर्म

नांदेडचे बरेच दुकानदार सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमधून माल आणतात. काही जण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवतात. तेथे नव्याबरोबर जुना मालही मिळतो. जुना माल घेण्यात काही वावगे नाही, फक्त तो जुना म्हणून विकला गेला पाहिजे.

१५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डांवर ते चलन काढण्याचा धंदा त्या दिवशी थांबला. दिवसरात्र चाललेली असंख्य कार्डे जगभरच्या बाजारांत विक्रीला आली. त्यांचे पंखे झिजलेले आणि मेमरीवरचे रबरी तुकडे सुकलेले असतात. 'घरी दोन महिने वापरले' असे सांगून ती विकली जातात. काही जुन्या कार्डांतील प्रोग्राम बदलून त्यांना नव्या कार्डाचे नावही देतात.

पारख अशी करावी. कार्डावरचा व डब्यावरचा क्रमांक जुळतो काय ते पाहावे. मूळ बिल मागावे. जीपीयू-झेड व सीपीयू-झेड हे फुकट मिळणारे प्रोग्राम दुकानातच चालवावेत. ते कार्डाचे व प्रोसेसरचे खरे नाव, मेमरी व बिट दाखवतात. जीपीयू-झेड तर २०१८ पासून बनावट कार्ड ओळखूनही सांगतो. नंतर जड खेळ किंवा चाचणी अर्धा तास चालवून तापमान, पंख्याचा आवाज आणि पडद्यावर ठिपके-रेघा येतात काय ते पाहावे. अर्धा तास थांबू न देणाऱ्याकडून जुना माल घेऊ नये.

येथे आपल्या दुकानदार बंधूंनाही सांगणे आहे. धान्याच्या ढिगाची ती हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात ढिगात हात घातला तर आत ओल लागली. पावसाने भिजले असे विक्रेता म्हणाला, तेव्हा ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणारा आमच्यातला नाही असे बजावले. दिवसरात्र चाललेले कार्ड पुसून, नव्या डब्यात घालून विकणे ही तीच आतली ओल आहे. एब सांगून विकलेल्या मालात नफा थोडा कमी मिळेल, पण बरकत त्यातच आहे.

बिल, हमी आणि हप्ते

'बिल नको म्हणा, १८ टक्के वाचतील' हे वाक्य आपण रोज ऐकतो. संगणकाच्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे हे खरे. पण बिल नसेल तर हमी मागायची कशाच्या आधारावर? ग्राफिक्स कार्डावर बहुधा तीन वर्षांची हमी असते. ती भारतात लागू आहे काय आणि दुरुस्तीसाठी माल कोणत्या शहरी पाठवावा लागेल, हे आधी विचारावे. जीएसटीत नोंद असलेल्या व्यापाऱ्याने धंद्यासाठी संगणक घेतला तर नियमाप्रमाणे तो कर वजाही मिळतो. तक्रार असेल तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येते, मग माल मुंबईहून मागवलेला का असेना. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

हप्त्यांचा विषय आपल्यासाठी जास्त नाजूक आहे. 'बिनव्याजी हप्ते' या पाटीमागे पुष्कळदा बँक व्याज लावतेच, आणि तेवढी सूट दुकान किंवा कंपनी देते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी वस्तू अस्तित्वात नाही. ते व्याज कोठेतरी दडवलेले असते. म्हणून करारात व्याज हा शब्द आहे काय, ते वाचावे व आपल्या आलिमांना दाखवावे. दुकानदाराने स्वतः एक ठाम किंमत ठरवून ती हप्त्याने घेणे वेगळे. एकदा ठरलेली किंमत उशीर झाला म्हणून वाढत नसेल तर बहुतेक उलेमा ते जायज मानतात. आपल्या दुकानदारांनी ही रीत सुरू केली तर गिऱ्हाईकही वाढेल.

संगणकाने कमावलेही पाहिजे

शेवटी वडिलांसाठी एक गोष्ट. चांगले ग्राफिक्स कार्ड खेळापुरतेच नसते. लग्नाचे चित्रीकरण जोडणे, घरांचे नकाशे त्रिमितीत दाखवणे, साड्या आणि ड्रेस मटेरियलचे छाप तयार करणे, भरतकामाच्या यंत्राला नक्षी देणे, या सर्व कामांना वेगवान संगणक लागतो. सुरतेच्या छपाईवाल्यांना नक्षी करून देणारा मुलगा नांदेडच्या घरात बसूनही काम करू शकतो. म्हणून मुलाला 'नाही' म्हणण्याआधी विचारावे की दिवसा या संगणकावर काय काम करशील. उत्तर ठोस असेल तर ८ जीबीपेक्षा १२ किंवा १६ जीबीचे कार्ड घेणे फायद्याचे ठरते. उत्तर नसेल तर 'जी' अक्षराचा प्रोसेसर पुरे आहे. पुढे गरज पडली तर कार्ड जोडता येईल.

गेमिंगचे दुकान काढू पाहणाऱ्या तरुणांनी आधी कागदावर हिशेब मांडावा. दहा संगणक म्हणजे चार किलोवॅटचा भार, त्यावर थंडाव्याची सोय, आणि व्यापारी मीटरचा दर. पैसे लावून खेळण्याच्या खेळांना आपल्या दुकानात जागा देऊ नये. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने अशा खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. शरीअतमध्ये तर जुगार पहिल्यापासूनच हराम आहे. खेळाची स्पर्धा आणि जुगार यांतील रेघ दुकानाच्या मालकाने स्वतः ओढली पाहिजे.

खरेदीला जाताना मुलाला बरोबर घ्यावे, पण पिशवी आपल्या हातात ठेवावी. कार्डाचे पूर्ण नाव, प्रोसेसरची पिढी व शेवटचे अक्षर, बोर्डाची बैठक, एसएमपीएसचे वॅट आणि हमीची मुदत या पाच गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात आणि पाचही बिलावर उतरवून घ्याव्यात. एवढे केले तर कष्टाचा पैसा जागी लागेल आणि बाजारात ईमानदार दुकानदाराचीही कदर होईल.